नळाच्या वेळापत्रकावर वाढणारा डास

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरात डासांविषयी बोलायचं तर आधी नळाविषयी बोलावं लागतं. सूतगिरणी चौकाच्या आसपास, पुंडलिकनगरात, विजयनगरात कुठल्याही गल्लीत शिरा, घरापुढं निळे ड्रम ओळीनं उभे दिसतील. जिन्याखाली हौद, गच्चीवर काळी टाकी, मोरीत टिपाड, ओट्याखाली भरलेल्या घागरी. दोनशे लिटरचा ड्रम कोणी हौसेनं अंगणात ठेवत नाही. नळाला पाणी आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा येतं, म्हणून ठेवावा लागतो. पाणी आलं की मोटार लावायची, पाइप ओढायचा, रिकामं दिसेल ते भांडं भरायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत ते पुरवायचं. शहराला पाणी पाजणारा पैठणचा नाथसागर जेमतेम पन्नास किलोमीटरवर. पण तिथून येणारी एक जलवाहिनी १९७० च्या दशकातली ७०० मिलिमीटरची आणि दुसरी १९९० च्या दशकातली १४०० मिलिमीटरची. शहर वाढत गेलं, पाइप कित्येक वर्षं तेवढेच राहिले. नव्या २५०० मिलिमीटरच्या जलवाहिनीच्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. मे २०२२ मध्ये पाण्यासाठी जलआक्रोश मोर्चाही निघाला. हा इतिहास इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. या साठवणीवर डासांची एक जात किती नेमकी जगते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

ही जात म्हणजे एडिस इजिप्ती. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका या तिन्ही आजारांचे विषाणू ती वाहून नेते. काळसर अंग, पायांवर पांढरे पट्टे, आणि चावण्याची वेळ दिवसाची, त्यातही सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. घाणीशी तिचं फारसं देणंघेणं नाही. तिला लागतं स्थिर, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आणि त्याला उभी भिंत. म्हणजे आपण पिण्यासाठी भरून ठेवतो, अगदी तसंच. ‘आमच्याकडं घाण नाही, मग डास आले कुठून’ असं म्हणणाऱ्या घरात बहुतेक वेळा ते स्वयंपाकघराच्या मागच्या ड्रममधूनच आलेले असतात.

खरी मेख आहे ती अंड्यांत. ही मादी अंडी पाण्यावर घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती एकेक करून चिकटवते. एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी, आणि तीही बहुधा एकाच भांड्यात नाही, थोडी इथं, थोडी तिथं. अंडं काळं, मिलिमीटरहूनही लहान. ड्रमच्या निळ्या भिंतीवर ते धुळीचा ठिपकाच वाटतं. पाणी उतरलं, भिंत वाळली, तरी आतला जीव मरत नाही. कित्येक महिने तो तसाच तग धरतो. पाण्याची पातळी वर चढून अंडं बुडालं की काही वेळातच अळी बाहेर पडते.

आता हे गारखेड्याच्या ड्रमला लावून पाहा. आठवडाभर पाणी वापरलं जातं, पातळी बोटाबोटानं खाली येते आणि मागं ओलसर भिंतीचा पट्टा उघडा पडत जातो. मादीला अंडी घालायला नेमका तोच हवा असतो. मग पाण्याचा दिवस उजाडतो, ड्रम काठोकाठ भरतो, पट्टा बुडतो आणि साचलेली अंडी एकदमच फुटतात. अळी चार वेळा कात टाकते, मग तिचा कोष होतो आणि कोषातून डास उडतो. आपल्याकडच्या उबदार हवेत या सगळ्याला साधारण आठ-दहा दिवस लागतात, थंडीत जास्त. नळाचं वेळापत्रकही जवळपास तेवढ्याच दिवसांचं. पाणी रोज आलं असतं तर ड्रम रोज रिता झाला असता आणि अळीला डास व्हायला सवडच मिळाली नसती.

या डासाचं आणि साठवणीच्या पाण्याचं नातं आपण समजतो त्याहून फार जुनं आहे. मूळचा तो आफ्रिकेतला, झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढणारा, आणि माणसांपेक्षा इतर प्राण्यांचं रक्त पसंत करणारा. आजही आफ्रिकेतल्या कित्येक जंगलांत तो तसाच आहे. २०२० साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून या डासाची अंडी गोळा केली, त्यांतून डास वाढवले आणि त्यांना माणसाचा वास आवडतो की प्राण्याचा, हे तपासलं. ज्या भागात कोरडा ऋतू लांबलचक आणि कडक, तिथल्या डासांचा ओढा माणसाकडं जास्त निघाला. दाट वस्तीचाही परिणाम दिसला, पण कोरड्या ऋतूइतका नाही. संशोधकांनी लावलेला अर्थ सरळ आहे: उन्हाळ्यात ढोली आटल्या की पाणी उरतं ते माणसानं भरून ठेवलेल्या भांड्यांत, आणि भांड्याशेजारी राहायचं तर भांड्याच्या मालकाचंच रक्त प्यायला शिकलेलं बरं. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

या डासाचे चटके आपल्या भागाला आधीही बसले आहेत. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, तिचा अभ्यास केला. त्यानंतर देशात हा आजार जवळजवळ तीस वर्षं गप्प होता. तो २००५-०६ मध्ये परतला तेव्हा मराठवाड्यातली गावंच्या गावं सांधे धरून बसली. शेजारच्या घरातला एखादा म्हातारा अजूनही थंडीत गुडघ्याला हात लावून ‘चिकुनगुनियापासून असं आहे’ म्हणतो.

आता उपायाकडं वळू. आरोग्य विभागाच्या भिंतीवरच्या आणि गाडीवरच्या घोषणा सगळ्यांना माहीत आहेत: आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, त्या दिवशी सगळी भांडी रिकामी करा. शास्त्र बिनचूक आहे, कारण आठवड्यातून एकदा पाणी मोडलं की अळीचा डास होत नाही. पण आठ दिवसांचं पाणी ड्रममध्ये धरून बसलेल्या बाईला ‘मंगळवारी ते ओतून द्या’ असं सांगणं म्हणजे तिची थट्टा आहे. ती ओतणार नाही, आणि ओतूही नये. या शहरात कोरडा दिवस वारावर बांधून चालणार नाही, तो नळावर बांधायला हवा. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी मोटार लावण्याआधी ड्रम तळाशी गेलेला असतो. घासायचा तो तेव्हाच.

घासणं हा शब्द इथं महत्त्वाचा, कारण नुसतं रिकामं करून काही होत नाही. पाणी ओतलं की अळ्या जातात, अंडी भिंतीला तशीच राहतात आणि नवं पाणी भरताच पुन्हा फुटतात. म्हणून उरलेलं पाणी आधी जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या दुहेरी फडक्यातून बादलीत गाळून घ्यावं. फरशी पुसायला, झाडांना, संडासात ते वापरता येतं, एक थेंब वाया जात नाही. फडक्यात अडकलेल्या अळ्या तापलेल्या कोरड्या जमिनीवर झटकाव्यात. गटारात टाकू नयेत, तिथं पाणी मिळालं तर त्या जगू शकतात. मग काथ्यानं किंवा तारेच्या घासणीनं ड्रमची आतली भिंत रगडायची, तळापेक्षा वरच्या अर्ध्या भागाला जास्त हात लावायचा आणि ओठाच्या आतल्या खाचेत बोट घालून पुसायचं. ती खाच बहुतेक सगळे विसरतात. मुठीएवढी ब्लीचिंग पावडर थोड्या पाण्यात कालवून त्या पाण्यानं भिंत माखली, काही वेळ राहू दिली आणि मग खळखळून धुतली तर काम आणखी पक्कं होतं. एका ड्रमला पाऊण तास लागत नाही, दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

अळ्या आहेत की नाहीत हे पाहायचं तर काचेच्या ग्लासात ड्रमचं पाणी घ्या आणि खिडकीशी धरा. एडिसची अळी डोकं खाली, शेपटीकडची श्वासनळी वर करून पाण्याच्या पृष्ठभागाला लटकलेली दिसते. ग्लासवर टिचकी मारली की अंग मोडत मोडत तळ गाठते, आणि जरा थांबलं की श्वास घ्यायला पुन्हा वर. कोष असेल तर तो स्वल्पविरामाच्या आकाराचा असतो. तो काही खात नाही, पण भलताच चपळ असतो. कोष दिसले तर समजावं की डास उडायला दोन-एक दिवसच उरलेत. ड्रममध्ये टॉर्च मारून लगेच ‘काही नाही’ म्हणू नये. उजेड आणि सावली पडताच अळ्या खाली पळतात. झाकण काढल्यावर मिनिटभर न हलता पाहत राहावं.

भरलेल्या ड्रमवर नुसतं प्लास्टिकचं झाकण पुरत नाही. उन्हानं ते वाकडं होतं, कडेला फट पडते आणि मादीला तेवढी वाट भरपूर होते. घट्ट विणीच्या सुती कापडाचा तुकडा झाकणाखाली ताणून घालावा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं ड्रमच्या गळ्याला आवळावा. कापड सैल राहिलं तर त्याच्या खोलगट भागात पाणी साचतं आणि तिथंच नवा संसार सुरू होतो. जमिनीतल्या हौदाच्या लोखंडी झाकणाला उचलायच्या कडीपाशी भोक असतं, ते बुजवावं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण फुटलं असेल तर बदलावं आणि जादा पाणी बाहेर जाण्याच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी.

टाकीवर एवढा भर देण्याला दुसरंही कारण आहे. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्या यांतच रमतो. त्याची अळी एडिससारखी लटकत नाही, पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते. मुंबईत मलेरियाची पाहणी करणाऱ्या डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातल्या मलेरियाचं मूळ हा डास वाढणाऱ्या विहिरींशी जोडलं आणि महापालिकेनं विहिरी बुजवायला, झाकायला सुरुवात केली. धार्मिक कारणांवरून विरोध झाला, वादही झाले. डास शिरणार नाही अशा बंदिस्त टाकीची, तपासनीसाला चढता यावं म्हणून तिला शिडी लावण्याची मुंबईची शिस्त त्या काळातल्या अनुभवातून घडली. आपल्या बंगल्यांच्या आणि रो-हाऊसच्या टाक्यांवर चढायला पुष्कळदा नीट वाटच नसते, मग झाकण फुटून वर्ष उलटलं तरी कळत नाही. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत पाहिलं. म्हणजे तो शोध, तेव्हाच्या हिशेबानं, आपल्याच निजामी मुलखात लागला.

अंगणातली यादी प्रत्येक घराची वेगळी, तरी काही वस्तू सगळीकडं सापडतातच. पहिला मान कूलरचा. एप्रिल-मेमध्ये इथं कूलरशिवाय दुपार निघत नाही, आणि त्याची पत्र्याची टाकी, कूलरचं ओलं गवत, सावली हे सगळं एडिसच्या पथ्यावर पडतं. उन्हाळ्यात टाकी आठवड्यातून एकदा उपसून घासावी. त्याहून घातक ठरतो पावसाळ्यात जिन्याखाली ढकललेला कूलर, ज्याच्या तळाशी बोटभर पाणी राहिलेलं असतं. तो वाळवून, पुसून, आडवा करून ठेवावा. फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये पाणी साचतं, आणि ती ट्रे बाहेर निघते हेच अनेकांना ठाऊक नसतं. कुंड्यांखालच्या बशा, बाटलीतला मनी प्लांट, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पसरट भांडं, नारळाच्या करवंट्या, बांधकामावरचा पाण्याचा हौद, आणि पंक्चरच्या दुकानासमोर रचलेले टायर. पक्ष्यांचं भांडं बंद करायची गरज नाही, रोज घासून भरलं तरी चालतं.

रात्री कानाशी गुणगुणणारे बहुतेक डास मात्र दुसऱ्याच जातीचे, क्युलेक्स. त्यांना घाण पाणी हवं. तुंबलेली गटारं, मोकळ्या प्लॉटमधली डबकी आणि सेप्टिक टँक. डबकं दिसतं म्हणून आपण महापालिकेला शिव्या देतो. स्वतःच्या सेप्टिक टँकच्या वायूच्या पाइपकडं मात्र कोणी मान वर करून पाहत नाही. त्या पाइपच्या टोकाला नायलॉनची जाळी तारेनं घट्ट बांधली आणि टाकीच्या झाकणाच्या फटी सिमेंटनं लिंपल्या, तर घराभोवतीचे रात्रीचे डास खरोखर कमी होतात. माझ्या मते हा शहरातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. वीसेक रुपयांची जाळी आणि शिडीवर चढायची तयारी, एवढंच लागतं.

मोठ्या हौदांसाठी आणि न वापरल्या जाणाऱ्या विहिरींसाठी गप्पी मासे उत्तम. ते मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, थेट पिल्लं देणारे, आणि अळ्या आवडीनं खाणारे. आरोग्य विभागाकडून ते मिळतात. पण नदी-तलावात सोडू नयेत, तिथल्या देशी माशांना आणि बेडकांना त्यांचा त्रास होतो. दर आठवड्याला तळ गाठणाऱ्या ड्रममध्येही त्यांचा उपयोग नाही.

व्हिएतनामनं वेगळीच वाट धरली. तिथल्या खेड्यांत पाण्याच्या रांजणांत मेसोसायक्लॉप्स नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलजीव सोडले गेले. ते नुकत्याच जन्मलेल्या अळ्या खातात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार बऱ्याच गावांतून एडिस हद्दपारच झाला. आपल्याकडं हे ऐकून जुने आरोग्य कर्मचारी दचकतील, कारण याच कुळातल्या सायक्लॉप्समधून माणसाच्या पोटात नारू जात असे. पायऱ्यांच्या विहिरींतले सायक्लॉप्स मारायला तेव्हा टेमेफॉस वापरलं गेलं. नारूपासून भारत मुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २००० साली जाहीर केलं. तेच टेमेफॉस आज ‘ॲबेट’ नावानं आपल्या ड्रममध्ये पडतं.

ॲबेटबद्दल लोकांच्या मनात बरीच अढी असते. महापालिकेचा कर्मचारी दारात येतो, ड्रममध्ये थेंब टाकतो, आणि तो गेला की बाई ड्रम ओतून देते, कारण पाण्याला वास येतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलेली मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅम आहे, आणि त्या मात्रेत ते अळ्यांना मारतं. पिण्याचं पाणी वेगळ्या झाकलेल्या घागरीत ठेवून वापरायच्या ड्रममध्ये औषध टाकू द्यावं, हा मधला मार्ग सगळ्यांना मानवतो. दुकानातून औषध आणून अंदाजानं ओतण्याच्या भानगडीत मात्र पडू नये.

धुराच्या गाडीची मागणी सगळ्यात मोठी. नगरसेवकाला फोन जातो तो त्यासाठीच. गाडी गल्लीतून गेली की काहीतरी झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो धूर मारतो फक्त त्या क्षणी हवेत असलेले डास. अळी, अंडं, कोष यांच्यावर त्याचा परिणाम नाही. एडिस तर घरात पलंगाखाली, पडद्यामागं, टांगलेल्या कपड्यांत बसलेला असतो, आणि धुराची गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो. डेंग्यूचा रुग्ण सापडलेल्या घरात आणि शेजारी आतून केलेली फवारणी उपयोगाची असते, रस्त्यावरचा धूर बहुतांशी समाधानापुरता.

घरातल्या उपायांचंही तसंच. बंद खोलीत डासांची कॉइल जाळू नये. २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं डास पळवणारी यंत्रं कामाची नाहीत, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. निळ्या दिव्याच्या सापळ्याबद्दल अमेरिकेतल्या १९९६ च्या एका मोजणीत मेलेल्या १३,७८९ किड्यांपैकी चावणारे फक्त ३१ निघाले. बाकीचे निरुपद्रवी, काही तर उपयोगी. चटचट वाजणारी रॅकेट निदान समोर दिसणाऱ्या डासाला तरी लागते. तुळस किंवा गवती चहाचं झाड अंगणात नुसतं उभं असून डास जात नाहीत. खिडक्यांना जाळ्या, अंगभर कपडे, उघड्या त्वचेला डीट हे डास दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम आणि बाळाला दुपारीही मच्छरदाणी, हे टिकाऊ उपाय. डेंग्यूच्या रुग्णालाही तापाच्या दिवसांत मच्छरदाणीत झोपवावं, कारण त्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतो आणि त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी पुढच्या माणसाला तो देऊ शकतो.

एडिस फार लांब उडत नाही. बहुतेकांचं सारं आयुष्य जन्मलेल्या जागेपासून शे-दोनशे मीटरच्या आत जातं. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच ओळीतल्या कुठल्यातरी घरचा. १९०१ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी हवाना शहरात घरोघरी माणसं पाठवून पाण्याची भांडी झाकायला, उलटी करायला लावली आणि याच डासानं पसरणारा पीतज्वर काही महिन्यांत तिथून गेला. तिथं सैन्याचा धाक होता. आपल्या गल्लीत धाक नाही, पण पाणी सगळ्यांकडं एकाच दिवशी येतं. एका ओळीतल्या घरांनी त्याच सकाळी ड्रम घासले तर शेजाऱ्याचा डास आपल्याकडं यायला उरत नाही. त्यासाठी वेगळी सभा लागत नाही, मोटारी सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास पुरतो.

नवी जलवाहिनी पूर्ण क्षमतेनं चालू होऊन पाणी रोज यायला लागलं की हे ड्रम हळूहळू बाजूला पडतील. पण कोणी लगेच टाकून देणार नाही. गॅलरीत, गच्चीवर, मागच्या बोळात ते वर्षानुवर्षं राहतील, तोंड वर करून, पावसाचं पाणी झेलत. वाळलेल्या भिंतीवरची अंडी तोवर जिवंतच असणार. म्हणून शेवटचा ड्रम बाजूला ठेवतानाही तो आतून घासून, उन्हात कडक वाळवून, उलटा घालूनच ठेवावा.